शेवटी जेवणाऱ्यांचा मजला

टेबलावर ठेवलेल्या ग्लासातल्या पाण्यावर लहरी उठत होत्या. अगदी बारीक. काठापासून निघून मध्याकडे जाणाऱ्या आणि तिथे एकमेकींना भेटून विरून जाणाऱ्या. ग्लासाला कुणी हात लावला नव्हता. खिडकी बंद होती. रस्त्यावरून जड गाडी जात नव्हती. लहर उठायची, पाणी स्थिर व्हायचं, मग पुन्हा लहर. धाकटीने भौतिकशास्त्राच्या वहीतून मान वर करून हे बराच वेळ पाहिलं आणि कारण व परिणाम यांची सांगड घातली. कारण पलीकडच्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून रविवारची दुपारची झोप घेत होतं.

कारणाचं नाव मौनी. हे नाव तिला वसतिगृहाने पहिल्याच आठवड्यात दिलं होतं आणि देणाऱ्या सगळ्या तिला फक्त दिवसा ओळखत होत्या. मुलगी खरोखरच अबोल. विचारलं तेवढ्याचंच उत्तर, तेही निम्मं. निजली की मात्र दिवसभराचा अनुशेष भरून काढायची. श्वास आत जाताना करवत, बाहेर येताना शिट्टी आणि दोन्हींच्या मध्ये एक विराम. तसं पाहिलं तर त्रास आवाजाचा नव्हताच. माणूस कुठल्याही आवाजाला सरावतो. त्रास त्या विरामाचा होता, कारण विरामात माणूस वाट बघत राहतो.

धाकटी गेले कित्येक दिवस वाट बघत होती. तिने कानात कापसाचे बोळे घालून पाहिले. त्याने आवाजाची धार जाते, वजन जात नाही. पण तिने मौनीला एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हती. त्यामागे एक तत्त्व होतं, आणि ते तत्त्व अभ्यासक्रमात होतं.

ती शिकत होती ते महाविद्यालय धार्मिक होतं. म्हणजे भौतिकशास्त्र तिथेही शिकवत, पण प्रार्थनेनंतर. शेवटच्या वर्षाला 'सेवाभावी नेतृत्व' हा विषय सगळ्यांना सक्तीचा. सेवा सक्तीची कशी, हा प्रश्न पहिल्याच तासाला एकीने विचारला होता. सरांनी तिचे आभार मानले आणि पुढे शिकवायला लागले. मोठं व्हायचं असेल तर आधी वाकायला शिका, असा एकूण विषयाचा सारांश. प्रात्यक्षिकासाठी प्रत्येकीच्या ताब्यात वसतिगृहाचा एकेक मजला सत्रभर दिलेला. हुकूम न सोडता, आवाज न चढवता, सेवा करून मजला चालवायचा. सत्राच्या शेवटी सर येऊन पाहणार.

धाकटीला तिसरा मजला मिळाला. घरात ती खरोखरच धाकटी होती. आईबाबा, दादा, वहिनी, इतकंच काय, घरातलं मांजरसुद्धा तिच्या आधीचं. आजवर तिच्या शब्दाखाली वागणारं जगात कुणी नव्हतं, आणि आता अख्खा मजला तिला 'ताई' म्हणत होता. ही बातमी तिने घरी फोनवर सांगितली तेव्हा दादा मोठ्याने हसला. "नेता? तू? अगं, टीव्हीचा रिमोट तरी कधी आलाय का तुझ्या हातात?" धाकटीने सेवाभावाने फोन आईकडे द्यायला सांगितलं.

सर भले होते, यात शंका नाही. फळा स्वतः पुसायचे, खुर्ची स्वतः उचलून आणायचे, आणि वर्गाचं दार मुलींसाठी धरून उभे राहायचे. मुलीही शिकलेल्या, त्या सरांसाठी दार धरून उभ्या राहायच्या. त्यामुळे तास नेहमी उशिरा सुरू व्हायचा. अशाच एका उशिरा सुरू झालेल्या तासाला सर म्हणाले, "एकच गोष्ट लक्षात ठेवा. नेता सगळ्यांत शेवटी जेवतो."

वाक्य चांगलं होतं. एका माणसाने पाळलं तर शोभूनही दिसलं असतं. पण धाकटीने ते त्याच दुपारी मजल्यावरच्या मुलींना सांगितलं, आणि मुली पडल्या श्रद्धाळू. त्यांनी ते लगेच मनावर घेतलं. संध्याकाळी मेसच्या दारात सगळा मजला येऊन थांबला आणि कुणीच आत जाईना.

"तू हो ना पुढे."

"नाही ताई, आधी तुम्ही."

"अगं, मी कशी? मी शेवटी."

"मग मी तुमच्या मागे."

"ए, तिच्या मागे मी उभी होते!"

जी ती दुसरीच्या मागे जायला लागली. मागे जायचं म्हणजे मागे जागा हवी, म्हणून रांग दारातून व्हरांड्यात आली, व्हरांड्यातून पायऱ्यांवर, पायऱ्यांवरून अंगणात. अन्नापासून इतक्या निर्धाराने दूर जाणारी रांग त्या इमारतीने पूर्वी पाहिली नसावी. मजल्यावर एक भाषणवाली होती, कुठल्याही प्रसंगी दोन शब्द बोलणारी. तिने अंगणातल्या नळापाशी उभं राहून शेवटचं असणं म्हणजे काय यावर दोन शब्द सांगितले. तेवढ्यात हातात डाव घेऊन मेसच्या काकू बाहेर आल्या.

"सूप गार झालं," काकू म्हणाल्या. "तुमच्यात भूक लागलेली कुणी आहे का? नसेल तर तसं सांगा. मी झाकण ठेवते आणि बहिणीकडे जाऊन येते."

"काकू, आधी तुम्ही जेवा," भाषणवाली म्हणाली.

काकूंनी तिच्याकडे असं बघितलं की तिचे पुढचे दोन शब्द तिच्यापाशीच राहिले. मग दुसऱ्या मजल्यावरच्या मुली आल्या. त्यांच्या प्रमुखाने हे वाक्य अजून खाली पोचवलं नव्हतं. त्या सरळ आत गेल्या आणि जेवल्या, अगदी मनापासून. तिसऱ्या मजल्याच्या वाट्याला पाव आले. धाकटीने हे सरांना सांगितलं तेव्हा सरांचे डोळे भरून आले. "हाच तो अनुभव," ते म्हणाले. सर स्वतः घरून डबा आणत.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण सेवेची एकदा चटक लागली की ती हाताला स्वस्थ बसू देत नाही. कुणीतरी दोरीवरचे सगळ्यांचे कपडे काढून, घड्या घालून, प्रेमाने भलत्याच खोल्यांत ठेवले. पुढचे काही दिवस मजल्यावर कुणाचाही मोजा दुसऱ्या मोज्याला भेटला नाही. एकीने सगळ्यांच्या बुटांना पॉलिश केलं. पॉलिश काळं होतं. बूट सगळे काळे नव्हते. तक्रार मात्र कुणी केली नाही. तक्रार करणं म्हणजे सेवा नाकारणं, आणि त्यावर सरांचं एक वेगळं वाक्य होतं.

या सगळ्यात धाकटीला मनातून वाटायचं, की आपली सेवा सगळ्यांत शुद्ध आहे, कारण ती कुणालाच माहीत नाही. आपण रात्ररात्र ऐकतो आणि बोलत नाही. हा अभिमान आहे, हे तिला समजत होतं. पण तो शांतपणे बाळगलेला अभिमान आहे, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

आणि मग कोपऱ्यातली खोली रिकामी झाली.

ती एकटीची खोली. त्यात राहणारी मुलगी नोकरी लागून गेली. दोन खिडक्या, एक कॉट, एका बाजूला जिना आणि दुसऱ्या बाजूला जुन्या बांधणीची जाड भिंत. इतकी जाड की तिच्यात खिळा ठोकायला गेलेला सुतार खिळे वाकवून परत गेला होता. रेक्टरबाईंनी धाकटीला बोलावलं.

"खोली कुणाला द्यायची ते तू ठरव आणि ऑफिसला कळव. मी मध्ये पडणार नाही. सरांनी सांगितलंय, तुमच्यात पडायचं नाही म्हणून." रेक्टरबाईंचा स्वभाव मध्ये पडायचा होता, हे वाक्य बोलताना त्यांना झालेला त्रास चेहऱ्यावर दिसत होता.

धाकटीला उत्तर तिथेच, त्यांच्या टेबलासमोर उभ्याउभ्या सुचलं. मौनी आत, दार बंद, मध्ये जाड भिंत. प्रश्न सुटला. इतक्या सहज सुटलेला प्रश्न पाहून तिला शंका आली, कारण तिचं शिक्षणच तसं होतं. प्रयोग करणाऱ्याला जे उत्तर हवं असतं, नेमकं तेच उत्तर आलं तर प्रयोग पुन्हा तपासायचा असतो. या निर्णयात सगळ्यांत जास्त फायदा कुणाचा? आपला. मग ती सेवा कशी? ती तर झोप. शिवाय कारण द्यावं लागणार. चार जणींत उभं राहून 'ही घोरते म्हणून' असं कसं सांगायचं? एका गरीब, अबोल मुलीचा असा पाणउतारा करायचा आणि वर स्वतः गाढ झोपायचं! धाकटीने ते उत्तर बाजूला ठेवलं आणि जे उत्तर नको असलेले लोक करतात ते केलं. सभा बोलावली.

सभेत कुणीही खोली मागितली नाही. "मला आहे तीच जागा जास्त होते," एक म्हणाली. "माझ्या खोलीतलाच कोपरा कुणाला हवा असेल तर सांगा," दुसरी म्हणाली. भाषणवालीने दोन शब्द सांगितले. ते बराच वेळ चालले आणि त्यातून एवढंच निष्पन्न झालं, की खोली ही बाहेर नसून आत असते. शेवटी मौनीची पाळी आली. ती जमिनीकडे बघत होती.

"ताई, तूच घे ना ती खोली," ती म्हणाली. "तुला झोप तरी मिळेल."

सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. धाकटीचे कान मात्र गरम झाले. दार उघडं होतं. नुसतं 'हो, मिळेल' एवढंच म्हणायचं होतं.

"छे छे," ती म्हणाली, "मला उत्तम झोप लागते."

आणि हसलीसुद्धा. मौनीने मान हलवली आणि पुन्हा जमिनीकडे बघायला लागली.

ऑफिसात हेडक्लार्क होते. कुठल्याही माणसाकडे तो कागद असल्यासारखं, आधी वरून खाली आणि मग मागची बाजू, असं ते बघत.

"अर्ज?"

"अर्ज नाहीये. सगळ्यांनी नको म्हटलंय."

"म्हणजे खोली नकोय."

"हवीय. म्हणजे द्यायचीय."

"कुणाला?"

"ते ठरतंय."

"बाई," हेडक्लार्क चष्मा काढून म्हणाले, "माझ्याकडे हवं म्हणणाऱ्याचा अर्ज असतो. नको म्हणणाऱ्याचा अर्ज मी इतक्या वर्षांत बघितला नाही. उद्या लोक काय काय नको म्हणत इथे येतील. आम्ही कुठे ठेवायचं ते?" मग जरा मवाळ होऊन म्हणाले, "हे बघा, शुक्रवारी विश्वस्तांची फेरी आहे. तोवर कुणाचं नाव आलं तर ठीक. नाहीतर मोडक्या खुर्च्या तिथे जातील. त्यांचा नंबर केव्हाचा लागलेला आहे."

"खुर्च्यांचा?"

"त्यांनी नको म्हटलेलं नाही," हेडक्लार्क म्हणाले.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. धाकटीने तिला सगळं सांगितलं, फक्त घोरण्याचं वगळून. त्यामुळे आईला ते फारसं समजलं नाही.

"सगळ्या नको म्हणतायत ना? मग घेऊन टाक की तू. विषय संपला."

"असं नसतं आई. मी प्रमुख आहे."

"घरी पाण्याचा पेला विसळत नाहीस आणि तिकडे अख्ख्या गावाची सेवा करतेस. बरं, आवाज का असा येतोय तुझा? झोपतेस ना नीट?"

"झोपते."

"डोळे मिटून की उघडे ठेवून?"

धाकटीने नेटवर्क नसल्याचं कारण सांगून फोन ठेवला. नेटवर्क उत्तम होतं.

पण त्यानंतर एक चमत्कार झाला. घोरणं थांबलं. त्या रात्री आवाज नाही, दुसऱ्या रात्री नाही, तिसऱ्या रात्रीही नाही. ग्लासातलं पाणी काचेसारखं. धाकटी मेल्यासारखी झोपली आणि उठून तिने याचा थोडा विचार केला. हवा बदलली असेल. उशी बदलली असेल. आपण काही न बोलता सहन केलं, त्याचं हे फळ असेल. एरवी ती कुठल्याही फळाचं झाड कोणतं ते आधी तपासायची. पण पुरेशी झोप मिळालेला माणूस फार खोलात शिरत नाही.

मग ती सकाळची प्रार्थना झाली. प्रार्थनागृहात शेवटी सगळे डोळे मिटून शांत बसायचे. त्या शांततेबद्दल महाविद्यालयाची ख्याती होती. बाहेरगावचे लोक ती ऐकायला येत. त्या दिवशी शांतता सुरू झाली आणि थोड्या वेळाने तिच्यात, तिसऱ्या मजल्याच्या बाकांवरून, एक करवत आत गेली आणि एक शिट्टी बाहेर आली.

धाकटी खोकली. तिला दुसरं काही सुचलं नाही. पुढची करवत आली तेव्हा तिच्या शेजारची खोकली. मग भाषणवाली, मग मागचा बाक. सेवेचा हा प्रकार कुणी शिकवला नव्हता, सरांच्या टिपणांतही नव्हता, तरी सगळ्या मजल्याला तो एकदम समजला. मौनी घोरत होती आणि तिचं घोरणं झाकायला अख्खा मजला छाती फुटेस्तोवर खोकत होता. त्या गदारोळाने ती जागी झाली तेव्हा तिला दिसलं ते एवढंच, की आपल्याभोवतीच्या सगळ्याजणी रुमालात तोंड घालून लाल झाल्यात. ती घाबरली, आणि सोबत म्हणून तीही खोकली.

रेक्टरबाईंना मध्ये पडायची संधी मिळाली. त्यांनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी घेऊन सगळ्या मजल्याचे घसे तपासले.

"घसे स्वच्छ आहेत," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "म्हणजे जे काही आहे ते खोलवर आहे."

सगळ्या मजल्याला मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या, तिन्ही त्रिकाळ. गरम पाणी मेसमधून. काकूंनी हे ऐकलं आणि पातेलं चुलीवर आपटलं. "सूप गार चालतं, पाणी मात्र गरम हवं!" त्या म्हणाल्या. त्यानंतर दिवसातून तीन वेळा सगळा मजला न्हाणीघरात माना वर करून उभा राहू लागला, आणि तिथेही 'आधी तू' सुरू झालं. पाणी गार व्हायचं. पुन्हा तापवायला काकूंकडे जावं लागायचं. जायला मात्र कुणी पुढे होत नव्हतं, आणि सेवेच्या तत्त्वाला अपवाद निघालेला हा पहिलाच प्रसंग.

डॉक्टरीणबाईंना आणखी एक गोष्ट हवी होती. आजाऱ्यांसाठी वेगळी खोली. कोपऱ्यातली रिकामीच आहे, असं त्यांना कळलं.

धाकटी सरांकडे गेली. सर झाडांना पाणी घालत होते. तिने विचारलं, सगळ्यांचं भलं ज्यात आहे तो निर्णय आपल्याही सोयीचा असेल तर काय करावं?

"तुला काय वाटतं?" सरांनी विचारलं.

"मला जे वाटतं त्याचीच तर भीती वाटते, सर."

"वा," सर म्हणाले आणि झारी तिच्या हातात दिली.

गुरुवारी दुपारी ती खोलीत आली तेव्हा मौनीची ट्रंक कॉटवर उघडी होती. मौनी कपड्यांच्या घड्या घालून ठेवत होती. कुणाकुणाचे एकेकटे मोजे तिने बाजूला काढून ठेवले होते.

"हे काय?"

"घरी चाललेय. उद्या काका येतायत न्यायला."

"सुट्टीला?"

"नाही. कायमची. अभ्यास झेपत नाही."

हे खोटं होतं. या मुलीने पहिल्या चाचणीत गणितात सगळ्या वर्गाला मागे टाकलं होतं, आणि तिच्या घरून शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच मुलगी होती. हे तिने एकदाच, तेही निम्म्या वाक्यात सांगितलं होतं. धाकटीने तिच्याकडे नीट बघितलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. हाताच्या आतल्या बाजूला लहान लहान लाल खुणा, चिमटे काढल्यासारख्या.

"तुला इथे काही त्रास आहे का?"

"मला नाही," मौनी म्हणाली. मग एक घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "तुला आहे का, ताई?"

"मला? नाही गं."

"कचऱ्याच्या डब्यात रोज कापूस असायचा."

दार पुन्हा उघडं होतं. या वेळी तर मौनीने स्वतः ते धरून ठेवलं होतं. आणि धाकटीच्या तोंडून, इतक्या दिवसांच्या सवयीने, बाहेर पडलं, "तो? तो प्रयोगाला लागतो."

"हो का," मौनी म्हणाली आणि ट्रंकेत मोजे ठेवायला लागली.

धाकटी बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसली, आणि सांगड घालायला अजिबात अवघड नसलेल्या गोष्टींची तिने आता सांगड घातली. कापूस. शांत झालेल्या रात्री. प्रार्थनेतली झोप. चिमटे. ती मुलगी रात्रभर जागत होती. उशीला टेकून, डोळे उघडे ठेवून, हाताला चिमटे काढत. ताईची झोप मोडू नये म्हणून. आणि ताई तिचं मन मोडू नये म्हणून बोलत नव्हती. दोघी एकमेकींची इतकी सेवा करत होत्या, की त्यातली एक आता शिक्षण सोडून घरी निघाली होती.

तरीही ती उठून आत गेली नाही. आत जाऊन काय म्हणायचं? 'मी खोटं बोलले, तू घोरतेस, थांब'? तिने ते वाक्य मनात बरंच घोळवलं, सौम्य केलं, आणखी सौम्य केलं. शेवटी ते इतकं सौम्य झालं की त्यात घोरणंही राहिलं नाही आणि थांबणंही.

शुक्रवारी सकाळी विश्वस्त आले. वयस्कर गृहस्थ, हातात काठी, ऐकायला जरा कमी. बरोबर सर, कारण त्यांना मजला पाहायचा होता. बरोबर रेक्टरबाई, मध्ये न पडण्याच्या बेतात. हे सगळे तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा कोपऱ्यातल्या खोलीच्या दारात एक लोखंडी कॉट अडकली होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. ती डॉक्टरीणबाईंनी आजाऱ्यांसाठी पाठवली होती. आतल्या बाजूने तिला मोडक्या खुर्च्यांनी अडवलं होतं, कारण हेडक्लार्कनी त्या फेरीच्या आधीच, भल्या सकाळी, आत नेऊन ठेवल्या होत्या.

"नंबर आमचा आहे," हेडक्लार्क म्हणत होते.

"खुर्च्यांना संसर्ग होत नाही," डॉक्टरीणबाई म्हणत होत्या.

कॉटचा बाहेरचा अर्धा भाग सगळा बोळ अडवून होता. पलीकडून मौनीची ट्रंक उचलून तिचे काका येत होते आणि मागे मौनी. त्यांना जिन्याकडे जायला वाट नव्हती. गुळण्यांचे पेले घेऊन आलेल्या मुली भिंतीला चिकटून उभ्या होत्या.

"आधी तुम्ही जा," विश्वस्त काकांना म्हणाले.

"नाही, नाही, आधी तुम्ही," काका म्हणाले. तेही भले होते. आणि वाट तशीही नव्हती.

"ही खोली कुणाची?" विश्वस्तांनी विचारलं.

"माझी नाही!" सगळा मजला एका आवाजात म्हणाला. सरांच्या चेहऱ्यावर आनंद पसरला.

"अं?"

"हा निर्णय मजल्याच्या प्रमुखाचा आहे," सर त्यांच्या कानाशी म्हणाले आणि धाकटीकडे वळले. "सांग, काय ठरलं?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. धाकटीने घसा साफ केला. डॉक्टरीणबाईंनी लगेच बॅटरी काढली.

"सगळ्यांचा विचार घेऊन," ती म्हणाली, "आणि सगळ्यांच्या गरजा लक्षात घेऊन, असं वाटतं की, म्हणजे, कुणालाही न दुखावता..."

"आमची गाडी आहे हो," काका हळूच म्हणाले. ट्रंक जड होती.

धाकटीची नजर त्यांच्या मागे गेली. मौनी भिंतीला टेकून उभी होती. तिचे डोळे मिटत होते. मान खाली आली, श्वास आत गेला, करवतीचा पहिला दात लागला, आणि तिने दचकून डोळे उघडले आणि बाहीच्या आत हात घालून स्वतःला जोरात चिमटा काढला. आसपासच्या मुली सवयीने खोकल्या.

"खोकू नका," धाकटी म्हणाली.

तिचा आवाज चढला होता. सत्रभरात पहिल्यांदाच. विश्वस्तांनाही नीट ऐकू गेला. सरांच्या चेहऱ्यावरचा आनंद जरा थबकला.

"काका, ट्रंक खाली ठेवा. हेडक्लार्क, खुर्च्या बाहेर काढा. ही कॉटही मागे घ्या, आत आहे तीच पुरे." मग ती मौनीकडे वळली. आता थांबायला विराम उरला नव्हता. "कापूस प्रयोगाला लागत नाही. तो मी कानात घालत होते. तू घोरतेस, मौनी. खूप घोरतेस. म्हणून ही खोली तुझी. आत जायचं, दार लावायचं आणि झोपायचं. विचारत नाहीये, सांगतेय. आणि यात माझाही फायदा आहे, सर, तुम्हाला काय मार्क कापायचे ते कापा. मलाही झोपायचंय."